पडताळणी संस्थेचा वर्षभराचा अनुभव : कागद पक्के, फोन कच्चे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रभाग बनवण्याचा कारखाना आहे आणि तेथील मनुष्यबळ विभाग मी सांभाळतो. गेल्या वर्षीच्या भरतीत उमेदवारांच्या पडताळणीचे काम आम्ही प्रथमच एका व्यावसायिक संस्थेकडे सोपवले. उमेदवारामागे दीड हजार रुपये आणि सात कामकाजी दिवसांत अहवाल, असा करार होता. अहवाल बहुतेक वेळा मुदतीत आले.

कागदपत्रांच्या तपासणीत या संस्थेला नावे ठेवायला जागा नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाचा बारा अंकी यूएएन, म्हणजे सार्वत्रिक खाते क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि त्याखालच्या सेवा-इतिहासात माणूस कोठे कधी रुजू झाला व कधी बाहेर पडला हे दिसते. एकाने अर्जात सलग चार वर्षे एकाच कंपनीत दाखवली होती. नोंदीत मधले अकरा महिने भलत्याच आस्थापनेत निघाले. ही विसंगती संस्थेने दुसऱ्याच दिवशी कळवली.

मात्र भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होतो, याचे भान अहवाल लिहिणाऱ्याला नव्हते. आमच्याकडे येणारे बरेचसे फिटर आणि टर्नर दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले असतात. त्यांच्या नावापुढे सरसकट ‘नोंद आढळली नाही’ असा पिवळा शेरा पडला, जणू काही त्यांनीच काही दडवले असावे. त्या वर्कशॉपच्या मालकांना प्रत्यक्ष भेटणे एवढेच काम होते आणि ते आमच्या स्टोअरकीपरने एका दुपारी उरकले.

खरी निराशा झाली ती पूर्वीच्या वरिष्ठांकडे करायच्या चौकशीत. गुणवत्ता तपासनिसाच्या जागेसाठी आलेल्या एका उमेदवाराच्या अहवालात दोन्ही संदर्भांखाली ‘कामात प्रामाणिक, वर्तणूक समाधानकारक’ हे शब्द जसेच्या तसे होते. शंका आली म्हणून उमेदवाराने दिलेला मोबाइल क्रमांक बाजूला ठेवून मी त्या कंपनीच्या लेटरहेडवरील क्रमांकावर फोन केला, तेव्हा अहवालातील ‘माजी वरिष्ठ’ तेथे कधी नोकरीलाच नव्हते असे कळले. उमेदवाराला विचारल्यावर तो आपला मेहुणा असल्याचे त्याने खाली मान घालून सांगितले. खऱ्या सुपरवायझरशी बोलणे झाले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, ‘उद्या जागा निघाली तर त्याला परत घ्याल का?’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मापाला चोख आहे साहेब, पण तिसऱ्या पाळीला उभा करू नका, दांडी मारतो.’ छापील प्रश्नावलीतून एवढे कधीच बाहेर आले नसते. खोट्या नावाबद्दल त्याला लेखी समज देऊन आम्ही जनरल शिफ्टमध्ये घेतले. अजून तरी तक्रार नाही.

दुसरी चूक अक्षम्य होती. ‘ऑफर स्वीकारल्याशिवाय सध्याच्या कंपनीशी संपर्क करू नये’ असे एका उमेदवाराने संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेले असतानाही संस्थेच्या कर्मचाऱ्याने थेट त्याच्या व्यवस्थापकाला फोन लावला. त्याने तेथे राजीनामाही दिलेला नव्हता. संध्याकाळी त्याचा मला फोन आला, तेव्हा त्याच्या आवाजातील धसका लपत नव्हता. आमच्याकडे तो आला नाहीच, आणि मी त्याला दोष देत नाही. संमती नेमक्या कामापुरतीच असते, हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आले आहे. पण ते कळायला कायदा कशाला हवा? संस्थेने ई-मेलने दिलगिरी व्यक्त केली आणि त्या एका अहवालाचे शुल्क माफ केले.

अभियंते किंवा लेखापाल यांसारख्या, मोठ्या आस्थापनांतून येणाऱ्या उमेदवारांच्या पदव्या आणि नोकरीच्या तारखा तपासण्यासाठी ही सेवा घ्यायला हरकत नाही. कराराचे नूतनीकरण करताना आम्ही संदर्भ-चौकशीचा भाग वगळला असून दर साडेनऊशेवर आला आहे. ते फोन आता मी स्वतः करतो, शक्यतो दुपारी तीननंतर, कारण जेवणाची सुट्टी आणि पाळी बदलण्याची गडबड यांच्या मधल्या वेळात सुपरवायझर निवांत बोलतात.