५००० रुपये की ५० अब्ज डॉलर? टीव्हीवरच्या चर्चेत उमेदवाराचं अर्थकारण कसं जोखावं

गोव्यात निवडणूक जवळ आली की संध्याकाळी घरोघरी एकच कार्यक्रम चालतो. पडद्यावर चार चौकोन, चार उमेदवार किंवा प्रवक्ते, निवेदक घायकुतीला आलेला, आणि विषय ठरलेले: महागाई, नोकऱ्या, खाणी. एकेकाला अर्धा मिनिट मिळतं आणि त्यातलंही निम्मं दुसऱ्याचा आवाज दाबण्यात जातं. एवढ्यातून मत ठरवायचं असेल तर कोण जोरात बोलला ते विसरा. पैशाबद्दल तो कोणत्या मापात बोलला ते बघा. एक माप घराचं, एक राज्याचं, आणि तिसऱ्या तऱ्हेत आकडाच नसतो.

घराचं माप सगळ्यात गोड लागतं. 'तुमच्या खात्यात महिन्याला इतके.' गृह आधार या राज्याच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिन्याला १५०० रुपये घरात येतात, त्यामुळे हा हिशोब गोव्यातल्या बायकांना कुणी शिकवावा लागत नाही. २०२२ च्या विधानसभेला याच १५०० वर बोली लागली. आम आदमी पक्षाने गृह आधार २५०० करण्याचं आणि अठरा वर्षांवरच्या इतर महिलांना १००० रुपये देण्याचं आश्वासन दिलं. तृणमूलने प्रत्येक घरातल्या एका महिलेला ५००० सांगितले. काँग्रेसने गरीब कुटुंबांना महिन्याला ६००० सांगितले. भाजपने रोख रकमेऐवजी वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले.

आता यातलं कोणतं बरं? रकमेवरून ठरवायचं झालं तर चर्चा ऐकायची गरजच नाही, जाहीरनामा पुरे. चर्चेत ऐकायचं ते रकमेनंतरचं वाक्य. तृणमूलचं म्हणणं होतं की साडेतीन लाख घरांना पैसे दिले तरी खर्च राज्याच्या अर्थसंकल्पाच्या ६ ते ८ टक्केच होईल. काँग्रेसच्या पी. चिदंबरम यांनी त्यावर जाहीर गणित मांडलं: महिन्याला १७५ कोटी, वर्षाला २१०० कोटी, आणि मार्च २०२० अखेर गोव्यावरचं कर्ज २३,४७३ कोटी. वर खोचकपणे, हे गणित नोबेलच्या तोडीचं आहे, असंही म्हणाले. त्या निवडणुकीतला पैशांचा सगळ्यात कामाचा वाद मला हाच वाटतो, आणि तो टीव्हीवर नाही, ट्विटरवर झाला! पुढे काँग्रेसनेही ६००० चं आश्वासन दिलं तेव्हा असाच गुणाकार कुठल्या निवेदकाने समोर ठेवायला हवा होता. घरं गुणिले रक्कम गुणिले बारा, एवढंच तर करायचं असतं.

घराच्या मापात फसवणूक उलट्या बाजूनेही होते. ब्रिटनमध्ये ४ जून २०२४ च्या चर्चेत तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की मजूर पक्ष आला तर प्रत्येक कुटुंबाचा कर २००० पौंडांनी वाढेल. आकडा आला कुठून? विरोधकांच्या योजनांना ३८.५ अब्ज पौंड कमी पडतील असं धरलं, त्याला कामकरी कुटुंबांच्या संख्येने भागलं. पण ती तूट चार वर्षांची मिळून होती. ऐकणाऱ्याला वाटलं, दरसाल २०००. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानेही नंतर म्हटलं की चर्चा ऐकणाऱ्याला ही चार वर्षांची बेरीज असल्याचं कळायला मार्ग नव्हता. समोर उभे असलेले मजूर पक्षाचे कीर स्टार्मर बराच वेळ नीट खोडूनच काढू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा खुलासा किती जणांनी वाचला असेल? म्हणून कुणी 'तुमच्या घरामागे' म्हणाला की मनात लगेच विचारावं: महिन्याला, वर्षाला, की पाच वर्षांत मिळून?

घराच्याच मापातलं पण वेगळ्या जातीचं आश्वासन म्हणजे पेट्रोल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. २०१२ ला भाजपने पेट्रोलवरचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, काढण्याचं आश्वासन दिलं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि एप्रिलमध्येच व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आला. लिटरमागे सुमारे ११ रुपये कमी झाले. पंपावर स्कूटर लावली की शब्द पाळला की नाही ते डोळ्यांना दिसायचं. दहा वर्षांनी, २०२२ ला, काँग्रेस म्हणाली की पेट्रोल-डिझेल ८० रुपयांच्या वर जाऊ देणार नाही. भाजप म्हणाला, तीन वर्षं राज्याचा कर वाढवणार नाही. पडद्यावर तिन्ही वाक्यं सारखीच वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे व्हॅटचा दर राज्याच्या हातात असतो. कच्च्या तेलाचा भाव आणि केंद्राचं उत्पादन शुल्क मात्र त्याच्या हातात नसतं. 'कर इतका करू' हे पणजीत बसून पाळता येतं. 'भाव इतकाच ठेवू' म्हटलं की आखातात काही झालं तरी बिल गोव्याच्या तिजोरीवर येतं. 'कर वाढवणार नाही' हे सगळ्यात सोपं, कारण त्यात आज काहीच द्यावं लागत नाही.

तिघांत २०१२ चं आश्वासन मला सरस वाटतं. हातात होतं ते बोलले आणि केलं. पण त्या वेळीही एक प्रश्न कुणी लावून धरला नाही: हे किती दिवस परवडेल? त्याच वर्षी सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि खनिजाची रॉयल्टी आटली. पुढच्या वर्षांत व्हॅट टप्प्याटप्प्याने पुन्हा चढत गेला. तेव्हा 'कुठून' इतकंच 'कुठवर' हेही विचारायला हवं.

राज्याच्या मापाकडे वळू. ते लवकर उरकता येतं. २०२२ च्या भाजपच्या जाहीरनाम्यात गोव्याची अर्थव्यवस्था दहा वर्षांत ५० अब्ज डॉलरवर नेण्याचं उद्दिष्ट होतं. असा आकडा चुकीचा असतो असं नाही, पण मत ठरवायला फारसा उपयोगी नसतो. दहा वर्षं म्हणजे दोन विधानसभा. हिशोब मागायला जाल तेव्हा आजचा उमेदवार कोणत्या पक्षात असेल? गोव्यात हा प्रश्न थट्टेचा नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. आश्वासन पक्षाचं, मत माणसाला, आणि माणूस तिसरीकडेच! मोठा आकडा ऐकलात तर एवढंच बघा की उमेदवाराने तो एका वर्षाच्या टप्प्यावर आणला का. 'पुढच्या अर्थसंकल्पात अमुक खात्याला इतके कोटी' असं बोलणारा क्वचित सापडतो. सापडला तर वही काढा.

आणि आता बिनआकड्याची तऱ्हा. पडद्यावर हीच सगळ्यात जास्त चालते. २८ ऑक्टोबर १९८० ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या चर्चेत रोनाल्ड रेगन यांनी तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांच्यासमोर शेवटच्या मिनिटांत मतदारांना विचारलं: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? दुकानात वस्तू घेणं तेव्हापेक्षा सोपं झालंय का? तेव्हा अमेरिकेत महागाई तेरा टक्क्यांच्या घरात होती, उत्तर प्रत्येकाच्या पिशवीत होतं. विरोधकासाठी याहून धारदार हत्यार नाही. पण त्या प्रश्नात स्वतः काय करणार याचं अक्षरही नसतं. आपल्याकडे 'खाणी बंद झाल्या, कुणाचं भलं झालं?' हा प्रश्न त्याच घराण्यातला. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात तो काळजाला भिडतो. आमच्या शेजारचे काका एकेकाळी खाणीवर ट्रक लावायचे. टीव्हीवर कुणी 'खाणी सुरू करू' म्हणालं की ते आवाज वाढवतात आणि दोन मिनिटांनी बंद करतात. २०१८ ला न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्यावर रस्ता लिलावाचाच उरला, आणि खाणींच्या पहिल्या ब्लॉकांचा लिलाव व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. 'सुरू करू' म्हणणाऱ्याने कोणता ब्लॉक, परवानग्या कुठे अडल्यात आणि जुन्या ट्रकवाल्यांना काम मिळणार का, हे सांगितलं तरच ते अर्थकारण.

दुसरी बिनआकडी तऱ्हा सहानुभूतीची. १५ ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतलं रिचमंड, पुन्हा अध्यक्षपदाचीच चर्चा. प्रेक्षकांतल्या एका महिलेने तिन्ही उमेदवारांना विचारलं, देशाच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? थोरले बुश घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात सापडले आणि उत्तरातही अडखळले. बिल क्लिंटन खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेले, तुमच्यावर कसा परिणाम झाला ते विचारलं, आणि म्हणाले की माझ्या छोट्या राज्यात नोकरी गेलेली माणसं मला नावानिशी माहीत असतात. कर्जावर त्यांनी फार काही सांगितलं असं नाही, पण चर्चा तिथेच जिंकली. अमेरिकेत ही जवळीक नवलाची होती. गोव्यात एका मतदारसंघात तीसेक हजार मतदार, उमेदवार बारशाला, लग्नाला, मयताला येतोच. नावं त्याला पाठ असतात. इथे जवळिकीला मी शून्य गुण देतो, कारण ती सगळ्यांकडेच असते.

तुमचं घर गृह आधारवर किंवा पेन्शनवर चालत असेल तर महिन्याच्या रकमेचा उमेदवार निवडायला हरकत नाही, पण दोघांनी रक्कम सांगितली असेल तर कमी रक्कम सांगून खर्चाचा एकूण आकडा देणारा पुढे धरा. शॅक, टॅक्सी, खोल्या भाड्याने देणं असा धंदा असेल तर हातावर मिळणाऱ्या पैशापेक्षा तो परवाने, शुल्क आणि कर यांबद्दल काय बोलतो ते ऐका. ते राज्याच्या अखत्यारीतलं आहे आणि तुमच्या हंगामाला थेट लागतं. खाणपट्ट्यात असाल तर तारीख मागा.

टीव्हीवर निवेदकाने सोडून दिलेला प्रश्न वाया जात नाही. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात उमेदवार पत्रक घेऊन दारात येतोच. तेव्हा चहा विचारा आणि सोबत विचारा: बाब, हे पैसे कुठून काढणार आणि कुठल्या वर्षापर्यंत देणार? सोबतच्या कार्यकर्त्याने 'ते होईल हो' म्हटलं तर त्याच्याकडे बघू नका, उमेदवाराकडेच बघत राहा.