बेडसोअर टाळायला शिकवायचंय: ऑनलाइन कोर्स की वॉर्डातला सराव?

एका इन्चार्ज सिस्टरांना आपल्या नर्सेसना बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या दाबाच्या जखमा, टाळायला शिकवायचं होतं; दोन्हींतलं एकच परवडणार होतं, म्हणून हे.

खर्च आणि वेळ यांत कोर्स सरळ पुढे. रात्रपाळीवाल्याही सवडीने करतात. ब्रेडन स्केलचे, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजणाऱ्या गुणतक्त्याचे, सहा निकष, ६ ते २३ गुण, सहसा १८ किंवा कमी म्हणजे धोका, एवढं पडद्यावर छान कळतं.

हात मात्र वॉर्डातच बसतो. लाली बोटाने दाबल्यावर फिकी पडते का पाहणं, सावळ्या त्वचेवर ती दिसत नाही तेव्हा ऊब आणि कडकपणा चाचपणं, रुग्णाला न घासता ३० अंशांत कुशीवर वळवणं, टाचा अधांतरी ठेवणं. व्हिडिओ पाहून कुणी पोहायला शिकलंय का? अडचण एवढीच, शिकवणारी अनुभवी सिस्टर तेवढा वेळ मोकळी हवी.

नव्या भरतीची मोठी तुकडी असेल तर कोर्स चालेल. आयसीयू किंवा अस्थिरोग वॉर्ड असेल, तर खाटेपाशीच शिकवा.