‘फुल रिस्टोर’ आरएक्स १००: बिलात काय होतं आणि इंजिनात काय निघालं

ऐरोलीतल्या एका गृहस्थांची यामाहा आरएक्स १०० घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका गॅरेजातून ‘फुल रिस्टोर’ होऊन आली. रंग, स्टिकर, क्रोम सगळं चकाचक. पहिली टाकी पेट्रोल छान गेलं, दुसऱ्या टाकीवर ठाणे-बेलापूर रोडला इंजिन जाम झालं. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: “तुम्ही ऑइल कमी टाकलंत साहेब, त्याला आम्ही काय करणार?” मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उघडलं आणि बिलाची एकेक ओळ आत काय आहे त्याच्याशी ताडून पाहिली. प्रकरण तक्रारीत आहे म्हणून गॅरेजचं नाव देत नाही. पण हीच पद्धत ठाणे, नवी मुंबई, कल्याणपर्यंत सर्रास चालते, म्हणून तपशील देतो आहोत.

बिलातली पहिली ओळ ‘बोरिंग, नवीन पिस्टन किट’. बोरिंग म्हणजे झिजलेला सिलिंडर (ब्लॉक) आतून कातून थोडा मोठा आणि सारखा करणं; मग त्यात मोठ्या मापाचा, म्हणजे ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. ओव्हरसाइझ पिस्टन पाव मिमीच्या टप्प्याने येतात आणि आकडा पिस्टनच्या डोक्यावर कोरलेला असतो: २५, ५०, ७५, १००. आरएक्स १०० चा स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची चाल) ५० मिमी. या गाडीत ‘५०’ शिक्क्याचा, म्हणजे अर्धा मिमी मोठा पिस्टन होता आणि तो खरंच नवा होता. बोअर मात्र वर-खाली सारखा नव्हता. ब्लॉक आधीच कधीतरी त्याच ‘५०’ शिक्क्याच्या मापाला बोअर झालेला, झिजलेला. त्याच झिजेवर ड्रिलला होनिंगचे, म्हणजे आतली भिंत घासायचे दगड लावून फिरवले आणि त्याच मापाचा नवा पिस्टन आत सोडला. होनिंगच्या तिरप्या रेघा ताज्या दिसतात, गिऱ्हाईक हेड काढून बघायला आलंच तरी खूश होऊन जातं. बोरिंगची मजुरी मात्र पूर्ण लावलेली.

हे घरी पकडता येतं. पिस्टनचं माप मायक्रोमीटरने स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात घ्यायचं. बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचा. दोन्हींतला फरक, म्हणजे क्लिअरन्स, या गाडीला साधारण ०.०३५ ते ०.०४ मिमी लागतो. बोअर गेज नसेल तर एक सोपी युक्ती आहे. नवी रिंग एकटीच बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजा. आधी वरच्या भागात, मग पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या, वायू आत-बाहेर जायच्या खिडक्यांच्या) खाली, अगदी तळाशी. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक मिळतो. फट वर ०.३५ आणि खाली ०.२० आली तर बोअर वरच्या बाजूला जवळपास ०.०५ मिमीने मोठा आहे. अख्ख्या क्लिअरन्सपेक्षा झीजच जास्त. असल्या ब्लॉकला बोरिंग झालंय हे कुणीही सांगू नये.

खरं बोरिंग करायचं तर पिस्टन बोरिंगवाल्याच्या हातात द्यावा लागतो, कारण तो पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर काढतो. वागळे इस्टेटमध्ये, तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत हे नीट करणारे लेथवाले आहेत. ब्लॉक आणि पिस्टन स्वतः नेऊन द्या, बिल त्यांच्याकडूनच घ्या. मधला माणूस गेला की अर्धी फसवणूक तिथेच संपते. परत आणताना पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. कडा धारदार लागल्या तर चॅम्फर केलेला नाही, म्हणजे कडा मोडलेल्या नाहीत. रिंग तिथे अडकून तुटते आणि तुकडा एक्झॉस्टकडे जाताना पिस्टनही घेऊन जातो. आणि बसवण्याआधी ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा. पेट्रोलने होनिंगची भुकटी निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत धुवायचं.

दुसरी ओळ ‘क्रँक रिबिल्ड, कनेक्टिंग रॉड किट’. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीवर फिरणारा दांडा, आणि रॉड त्याला पिस्टनशी जोडतो. ही सगळ्यात महाग ओळ आणि सगळ्यात सोपी चोरी, कारण केसिंग (क्रँकभोवतीचं कवच) बंद झालं की कोण बघणार? इथे वरची नीडल बेअरिंग नवी होती. रॉड जुनाच, वायर ब्रशने घासून चमकवलेला. मोठ्या टोकाला उष्णतेचा निळसर डाग आणि बाजूच्या खाचेत गंजाचे खड्डे तसेच. क्रँक दाबून उघडला असता तर पिनच्या तोंडाशी प्रेसच्या ताज्या खुणा असत्या, त्याही नव्हत्या.

तपासताना एक गल्लत बहुतेक जण करतात. रॉड डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, तेवढा हलायलाच हवा. बघायचं ते वर-खाली: क्रँक घट्ट धरून रॉड सरळ रेषेत ओढा आणि दाबा. ‘टक’ असं जरासुद्धा जाणवलं तर बिग एंड, म्हणजे रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंग, गेलेली. क्रँक खरंच उघडून जोडला असेल तर तो व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही टोकांना डायल गेज लावून फिरवून दाखवायला सांगा. ०.०३ मिमीपेक्षा जास्त डगमग असेल तर तो पुन्हा सरळ करायला हवा. “आमच्याकडे अंदाजाने बरोबर बसतो” असं म्हणणाऱ्याकडे क्रँक ठेवू नका, एवढंच.

ऑइल सीलची ओळ बिलात फक्त ‘सील सेट’ अशी होती. किमतीने किरकोळ, पण टू-स्ट्रोक इंजिन मारायला हीच ओळ पुरते. मॅग्नेटच्या बाजूची सील गळली तर आत जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन रेस सोडल्यावरही चढं राहतं आणि शेवटी पिस्टन वितळतो किंवा जाम होतो. क्लचच्या बाजूची गळली तर गिअर ऑइल जळतं: पांढरा दाट धूर आणि गिअरबॉक्समधली पातळी दर आठवड्याला कमी. नवी सील बोटाने दाबली तर ओठ मऊ लागतो आणि परत जागेवर येतो. या गाडीतल्या सीलचे ओठ प्लास्टिकसारखे कडक झाले होते, बाहेरून मात्र ग्रीस लावून तकाकी आणलेली. बंद इंजिनावर खात्री करायची तर इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून, प्लगच्या भोकातून साधारण ६ पीएसआय हवा भरून ठेवायची. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. सायकलच्या पंपाने आणि कमी दाबाच्या गेजने हे घरी होतं. कॉम्प्रेसर लावू नका, जास्त दाबाने चांगल्या सीलही बाहेर येतात.

आता इंजिन जाम का झालं ते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही आत जावं लागतं. त्यासाठी आरएक्स १०० ला ऑटोल्यूब असतं, म्हणजे टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि क्रँकवर चालणारा पंप. या गाडीचा पंप गॅरेजने बंद केला होता: केबल काढलेली, ऑइलच्या नळीत एक स्क्रू ठोकलेला, वर कव्हर लावलेलं. पंप खराब असेल तर तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणं ही वाईट गोष्ट नाही, लिटरला २० ते २५ मिली ऑइल टाकून कितीतरी गाड्या बिनतक्रार चालतात. पण ते मालकाला सांगावं लागतं! पहिल्या टाकीत गॅरेजनेच ऑइल मिसळून दिलं होतं, म्हणून धूरही दिसला आणि गाडीही पळाली. मालकाने दुसऱ्यांदा पेट्रोल पंपावर नुसतं पेट्रोल भरलं आणि ऑइलची टाकी काठोकाठ ठेवली. इंजिनाला थेंबभर ऑइल मिळालं नाही. बिलावर ‘ऑइल पंप सर्व्हिस’ अशी ओळ होती, पैसे घेतलेले.

पंप चालतो का, हे घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी बघा. ऑइलच्या टाकीवर पातळीची खूण करा. एक टाकी पेट्रोल जाळल्यावर ती खाली गेलीच पाहिजे. त्याआधी पंपाचं कव्हर काढून थ्रॉटल पिळा, पंपाची कप्पी फिरताना दिसायला हवी. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर ब्लीड स्क्रू सैल करून नुसतं ऑइल येईपर्यंत थांबा. तोवर पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळूनच गाडी चालवा, हे सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स.

क्रोमबद्दल थोडक्यात. बफिंग, मग तांबं, मग निकेल, आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर, असा क्रम असतो. गंज थांबवतं ते निकेल, आणि पैसे वाचवायला तेच पातळ मारतात. नव्यात ओळखता येत नाही, एका पावसाळ्यात कळतं. खाडीकडची दमट हवा असली की त्याहीपेक्षा लवकर: आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग पापुद्रे. ताज्या कामात पिवळसर झाक दिसली तर वर क्रोम जवळजवळ नाहीच, खऱ्या क्रोमची झाक निळसर असते. टाकीच्या आत मात्र टॉर्च मारून बघाच. गंजाची भोकं आतून रेझिन ओतून बुजवलेली असतील तर आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते हळूहळू सुटतं आणि त्याचे तुकडे पेट्रोल कॉकच्या जाळीत आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात.

ओरिजिनल पार्ट बदलून ठेवणं हा वेगळाच धंदा. आपला चालू मिकुनी कार्बोरेटर जातो, त्या जागी घासून चमकवलेला लोकल येतो. ओरिजिनल ब्लॉकचंही तेच. जपान ब्लॉकला, म्हणजे जपानी बनावटीच्या ओरिजिनल ब्लॉकला, आज जो भाव आहे तो बघता गाडी आत गेल्यावर ब्लॉक तोच बाहेर येईल याची खात्री खुणेशिवाय धरू नका. ब्लॉकवर ओतलेली ‘१एल१’ अक्षरं दिसली म्हणजे ओरिजिनल, असं नाही. तीही ओतता येतात. गाडी देण्याआधी ब्लॉक, हेड, कार्बोरेटर, मॅग्नेट आणि दोन्ही केसिंगवर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला सेंटर पंचचा एक ठिपका मारा आणि फोटो काढा. मेकॅनिकसमोर मारलेला ठिपका तर आणखी चांगला. काढलेले सगळे पार्ट, भंगार का असेना, परत हवेत हे जॉब कार्डवर लिहून घ्या. “फेकून दिले” हे उत्तर आलं म्हणजे बदललेच नाहीत, असं धरून चालावं.

याच गॅरेजने कागदांचंही काम अंगावर घेतलं होतं: ‘व्हिंटेज पासिंग करून देतो, मग रिन्यूअलची कटकट नाही.’ त्यासाठी वेगळी रक्कम रोख. हे सरळ खोटं आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचं ५,०००, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली. म्हणजे २०३५ च्या आत एकही आरएक्स १०० या नियमात बसत नाही. एजंट काहीही म्हणो. १९६० च्या दशकातली जावा बसू शकते, पण तिला रोज ऑफिसला न्यायचं असेल तर तिलाही साधं रिन्यूअलच हवं: १५ वर्षांनंतर फॉर्म २५, गाडी आरटीओत दाखवून तपासणी, पर्यावरण कर, आणि पुढची पाच वर्षं.

कागद खरे आहेत का, हे बघायची एक चांगली जागा सध्या एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं) बुकिंग. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती प्लेट सक्तीची आहे आणि बुकिंग करताना चेसिस आणि इंजिन नंबर टाकावे लागतात. गाडीवरचे नंबर टाकून बुकिंग अडलं तर एक तर रेकॉर्डमध्ये चूक आहे किंवा इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे. गाडी घेण्याआधी मालकाला समोर बसवूनच हे करून बघा. चेसिस नंबरची जागा थिनरने पुसा. अंक वाकडे-तिकडे, खोली कमी-जास्त किंवा भोवती ग्राइंडरचे ओरखडे असतील तर टोकनही देऊ नका. आरएक्स १०० म्हणून रंगवलेली १३५ सुद्धा विकली जाते. १३५ चा बोअर ५८ मिमी, त्यामुळे हेड उघडं असेल तर साध्या व्हर्निअरने फरक कळतो. आणि ९८ सीसीच्या आरसीवर मोठा ब्लॉक चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. दंड मालकाला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

पैसे टप्प्याने द्या. इंजिन उघडून मापं दाखवल्यावर पहिला हप्ता, ब्लॉक-क्रँक तयार होऊन केसिंग बंद व्हायच्या आधी दुसरा. त्या दिवशी स्वतः हजर राहा, सुटी काढावी लागली तरी. रंग सगळ्यात शेवटी. जो आधी रंगाचे पैसे मागतो त्याला इंजिनाकडे बघू द्यायचं नसतं. रोख दिलं तरी पावती घ्या, आणि ‘लेबर’ असा एकच आकडा असलेलं बिल घेऊ नका.

फसवणूक झालीच तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतो, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा, गॅरेजवाला कधीकधी तेवढ्यानेच नरमतो. पण इंजिन उघडताना घाई करू नका. हेड काढण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा, फीलर गेज आत घातलेला असतानाच फोटो घ्या, आणि दुसऱ्या लेथवाल्याकडून मापं त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. जाम झालेला पिस्टन घासून साफ करायचा मोह होतो, तो आवरा. ओरखडे स्कर्टच्या सगळ्या बाजूंना, कोरडे, आणि पिनची नीडल बेअरिंग निळी पडलेली असेल तर ऑइल पोचलंच नाही हे त्या पिस्टनवरूनच दिसतं. तो रिंगांसकट तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि स्क्रू ठोकलेली ऑइलची नळी त्याच पिशवीत ठेवा.