साडेसहा लाखांचं कर्ज आणि एक वर्षाचा बाँड : अकरा महिन्यांनंतर

आधी तारे देऊन टाकते. शैक्षणिक कर्जाला पाचपैकी दोन, एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, म्हणजे बाँडच्या वर्षाला साडेतीन. दोन्ही एकाच वेळी अंगावर आले, म्हणून एकत्रच लिहितेय. इंटर्नशिप संपत आलेल्या पोरापोरींचे मेसेज येत असतात, 'ताई, बाँड करू की पैसे भरून मोकळी होऊ?' प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा हे बरं.

मी नागपूरची, मानेवाड्याची. नंबर मात्र मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात लागला. फी आटोक्यातली असली तरी होस्टेल, मेस, पुस्तकं हे सगळं बाबांच्या किराणा दुकानाला झेपणारं नव्हतं. वर्षाला १ लाख ३० हजार, असे पाच वेळा उचलले. साडेसात लाखांच्या आतलं कर्ज म्हणून घर तारण ठेवावं लागलं नाही. सहकर्जदार म्हणून बाबांची सही, बस्स. केंद्राच्या व्याज अनुदानाला कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं, आमचा दाखला थोडक्यात वर गेला. व्याज साडेदहा टक्के. शिकत असतानाच व्याज तेवढं भरत गेलं तर बऱ्याच बँका एक टक्का सूट देतात, हे मला चौथ्या वर्षी कळलं. तुम्हाला आत्ता कळलंय, तर उद्याच शाखेत जाऊन विचारा.

बाँड तुम्हाला माहीत आहेच. महाराष्ट्रात आमच्या बॅचला सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख रुपये. पीजीनंतर तोच आकडा ५० लाख, सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी. मला विदर्भातल्या एका आदिवासी तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गणेशपेठेतून पहाटेची एसटी धरली की दुपारी तालुका, तिथून पुढे काळीपिवळी.

कर्जाला दोनच तारे का, ते ऐका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, झाले साडेपाच; त्यापुढचं सवलतीचं वर्ष बरोबर बाँडच्या वर्षावर येतं. आखणी झकास. पण माझ्या शाखेत कोर्सचा कालावधी भरताना कुणीतरी इंटर्नशिप धरलीच नव्हती. त्यामुळे मी रुजू झाले त्याच महिन्यात १२ हजारांचा हप्ता लागला. आणि पगार? तो आला चौथ्या महिन्यात, मागचे तिन्ही धरून एकदम. मधल्या काळात दोन हप्ते बाउन्स झाले, तिसरा बाबांनी दुकानाच्या गल्ल्यातून भरला आणि मला सांगितलंही नाही. आईच्या बोलण्यातून कळलं.

एक दिवसाची रजा काढून शाखेत गेले. काउंटरवरच्या काकांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "काहून मॅडम, डॉक्टर होऊन बारा हजार नाही निघत का?" मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी कॉलेजचं पत्र पुढे सरकवलं, इंटर्नशिपच्या तारखांखाली पेनाने रेघ मारलेली. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला. "हे आधी द्यायचं होतं ना." आधी दिलेलं होतं. पोच माझ्याकडे होती, शिक्क्यासकट. ती बाहेर काढल्यावर मात्र माझ्यासाठी चहा आला. दुरुस्तीला आणखी पाच आठवडे लागले, आणि सिबिलवरचे दोन डाग पुसायला त्याहून जास्त.

आता साडेतीन तारे. आदिवासी भागात एका प्रा. आ. केंद्राखाली २० हजार लोकसंख्या धरतात, सपाटीवर ३० हजार. माझ्याकडे डॉक्टरांची मंजूर पदं दोन, भरलेलं एक. ते म्हणजे मी.

ऑगस्टमधली रात्र, अडीच-तीनचा सुमार. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पोट दुखतंय म्हणून बापाने खांद्यावर टाकून आणलेला. चावल्याची खूण नाही, सूज नाही. मी पोटावर हात ठेवून तपासत होते, सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. "मॅडम, पापण्या बघा." वर बघ म्हटलं तर पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. जमिनीवर झोपला होता का, हे सिस्टरनी गोंडीत विचारलं. हो. मण्यार. तिचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेलच असं नाही. पोटात मात्र कळा येतात आणि मग पापण्यांपासून खाली एकेक स्नायू ढिला पडत जातो. प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या काढल्या. कुपीतली पावडर जोरात हलवायची नसते, फेस होतो. हातात गोल गोल फिरवत विरघळवायची. दहा कुप्या, आम्हा दोघींचे चार हात, लाइट गेलेली, आणि मावशी मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या. तासाभरात दहाही गेल्या. १०८ येईपर्यंत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मांडीवर घेऊन त्याचे श्वास मोजत बसले. मोठ्या दवाखान्यात त्याला व्हेंटिलेटर लागला. नवव्या दिवशी पोरगा आपल्या पायांनी चालत आला, मागे बाप, हातात पिशवीभर वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्यांची भाजी मला सिस्टरनीच शिकवली.

१० लाख भरून सुटलेल्या माझ्या एका वर्गमित्राने तेच वर्ष लायब्ररीत काढलं आणि त्याला पीजी लागलं. त्याचा मला राग येत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

पैशाचं म्हणाल तर मानधन ७५ हजार, आणि गावात खर्च करायला आहे काय? तांदूळ, तेल, रिचार्ज, महिन्यातून एकदा नागपूर. घरी २० हजार पाठवूनही साडेतीन लाख एकरकमी कर्जात भरले, मुदतीआधी भरल्याचा दंड लागला नाही. शिल्लक सहा लाखांच्या जरा वर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणाऱ्या ८०ई वजावटीचं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, ती आठ वर्षं मिळते हेही खरं. पण ती जुन्या करप्रणालीतच, आणि नव्या प्रणालीत वर्षाला ९ लाखांच्या कमाईवर आता करच बसत नाही. माझ्या उपयोगाची शून्य.

'अमेरिकेत गावात गेलं की कर्ज माफ' हे तुम्हीही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. तिथल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरमधून, डॉक्टरांची टंचाई जाहीर झालेल्या भागात दोन वर्षं पूर्णवेळ काम केलं तर प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरला ७५ हजार डॉलरपर्यंत मिळतात. पैसे डॉक्टरच्या हातात, कर्ज त्याने फेडायचं. करार मोडला तर दंड जबर. पण त्याला अमेरिकी नागरिकत्व लागतं. माझा एक सिनिअर तिथल्या आडगावात बसलाय तो वेगळ्या वाटेने, कॉनराड योजनेतून: तिथे शिकायला जे-१ व्हिसावर गेलेल्या परदेशी डॉक्टरने तीन वर्षं टंचाईच्या भागात काढली की दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट सुटते, आणि एका राज्याला वर्षाला अशा ३० जागा. कर्ज त्याचं नागपुरातलंच, जसंच्या तसं.

मला कॅनडाचं जास्त पटतं. २०१३ पासून तिथे ग्रामीण, दुर्गम भागात काम करणाऱ्या फॅमिली डॉक्टरच्या केंद्र सरकारी विद्यार्थी-कर्जातून दर वर्षी ठरावीक रक्कम कापली जाते. पाच वर्षांत मिळून आधी ४० हजार डॉलर होती, आता ६० हजारांपर्यंत नेली आहे. राहाल तेवढं कापलं जाईल. एक वर्ष राहिलात, तर एका वर्षाचं.

आपल्याकडे कर्ज बँकेचं आणि बाँड सरकारचा, दोघांची कधी गाठच पडत नाही. नाही गेलीस तर १० लाख, हे कागदावर ठळक. गेलीस, वर आणखी थांबलीस, तर कर्जाचं काय, यावर एक ओळ नाही. माझं कर्ज पूर्ण सवलतीअंती साडेनऊ लाखांवर जाणार होतं, म्हणजे न जाण्याची किंमत अख्ख्या कर्जाहून जास्त. ज्याच्या घरी १० लाख पडून आहेत त्याला बाँड हा पर्याय, ज्याच्या डोक्यावर कर्ज त्याला ती बदलीची ऑर्डर. असे बाँड २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेत आणि माझी त्याला हरकत नाही. सेवा व्हावी असं मलाही वाटतं. उलट माझी एक मैत्रीण खासगी कॉलेजातून शिकली. तिला बाँड नाही, कर्ज मात्र माझ्या कितीतरी पट. गावात यायला ती तयार आहे, तिला कुणी विचारतच नाही.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, दुसरं वर्ष थांबता का? वर्षाला तीन लाख कर्जातून वळते होणार असते तर उभ्याउभ्या सही केली असती. सध्या सहा महिन्यांची मुदतवाढ मागितलीय. दुसरं पद अजून रिकामं आहे आणि जूनपासून पाऊस.

निघण्याआधीची कामं: तीन महिन्यांचे हप्ते आणि खर्च खात्यात ठेवूनच रुजू व्हा. कोर्सचा कालावधी साडेपाच वर्षं भरलाय, हे बँकेकडून लेखी घ्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का मारून. आणि सुटताना कार्यमुक्तीचा आदेश हातात आला म्हणून बॅग भरू नका. बाँड पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं, तेही तेव्हाच मागा. माझा एक मित्र पहिला कागद घेऊन घरी गेला, दुसऱ्यासाठी आठ महिने चकरा मारतोय.