सोळा खण की पाच पट्ट्या?

गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका दोस्ताचा फोन आला. त्याच्याकडे पंचवीसेक माणसं आहेत. दोन सुपरवायझर एकमेकांशी बोलत नाहीत आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की आधी सगळ्यांची स्वभावचाचणी करून घे. "एमबीटीआय घेऊ की ते बिग फाइव्ह? तू दोन्ही करून बसलायस म्हणे."

बसलोय खरा. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. मी मानसशास्त्राचा माणूस नव्हे. नाशिकच्या अंबडला आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातण्याचं शॉप आहे, अठ्ठावीस माणसं. तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच वजनानं घ्या.

एमबीटीआयमध्ये अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई) अशा चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुमच्या वाट्याला येतं, आणि चार अक्षरांचे मिळून सोळा प्रकार होतात. बिग फाइव्हमध्ये बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, शिस्त, नव्याची ओढ आणि भावनिक अस्थिरता या पाच गुणांच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर तुमचा आकडा येतो.  मी सांगणार आहे ते वापरून पाहिल्यावर काय झालं ते.

पहिली चाचणी, एमबीटीआय, आम्ही गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दिली. बाहेरून ट्रेनर आले होते, जेवणासकट दिवसभराचा कार्यक्रम. माझ्या हातात पडला तो पेपर अधिकृत होता की कशाची तरी झेरॉक्स, देव जाणे. त्यामुळे माझ्या तक्रारीतला काही भाग त्या झेरॉक्सचाही असेल. पण दिवस मजेत गेला हे कबूल करतो. आमचे फोरमन अण्णा आणि मी अकरा वर्षं एकत्र काम करतोय. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला म्हणाले, "साहेब, तुम्हाला सगळं लिहून लागतं आणि मला बोलून. आपण उगाच एवढी वर्षं एकमेकांवर चिडत होतो." ही कमाई छोटी नाही. त्याआधी आमच्याकडे त्या चिडचिडीला शब्दच नव्हता.

या चाचणीचं मूळ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकात आहे. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आज आपण ज्या अर्थानं घरोघरी वापरतो तो अर्थ तिथला. त्यावर अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी चाचणी रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायका मोठ्या संख्येनं कारखान्यात कामाला लागल्या होत्या. कुणाला कोणतं काम मानवेल हे ओळखता यावं, हा इसाबेलचा एक हेतू होता. १९६२ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसनं ती छापली, तीही फक्त संशोधनासाठी. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो आक्षेप जमत नाही. आमचे अण्णाही आयटीआयच्या पुढे गेलेले नाहीत, पण लेथचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजलाय हे तेच सांगतात.

माझं बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवर.

ट्रेनिंग झालं ते डिस्पॅचच्या आठवड्यात. माझं शेवटचं अक्षर 'जे' आलं, म्हणजे आखीव-रेखीव, ठरवून चालणारा. दिवाळीच्या सुट्टीत तोच पेपर कपाटात सापडला. सहज पुन्हा सोडवला तर शेवटचं अक्षर 'पी', म्हणजे मोकळा, ऐनवेळी ठरवणारा. बाकी तिन्ही अक्षरं तीच. दोन्ही पेपर शेजारी ठेवून मोजलं, तर त्या अक्षराच्या प्रश्नांपैकी फक्त दोनांची उत्तरं बदलली होती. दोन प्रश्न, आणि माझ्या स्वभावाचं अख्खं पान उलटं! आधीच्या वर्णनात मी यादी केल्याशिवाय बाजारात न जाणारा होतो, नंतरच्यात यादी घरी विसरणारा. दोन्ही वाचताना मान डोलली, हे सांगायला लाज वाटते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं खास वर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला होता. त्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्या वर्गातला चाळिसावा मी.

माझं अक्षर बदललं, मी हसलो आणि विषय संपला. आमच्या स्टोअरकीपरचा संपला नाही. ट्रेनरनं सगळ्यांना शर्टावर लावायला अक्षरांचे स्टिकर दिले होते. याच्या वाट्याला 'आय' आलं, अंतर्मुखाचं. चार महिन्यांनी चाकणच्या एका ग्राहकाकडे रिजेक्ट लॉटबद्दल बोलायला माणूस पाठवायचा होता. मालाची खडान्‌खडा माहिती याला, जायची इच्छाही याची. आणि मीटिंगमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, "तो कशाला? तो आय आहे ना." सगळे हसले, तोही हसला आणि खाली बघत बसला. पाठवलं दुसऱ्यालाच. स्टिकर कधीच गळून पडला होता, अक्षर मात्र चिकटलेलं होतं.

दोन प्रश्नांनी पलटू शकणारं अक्षर माणसाला चार महिने चिकटतं, या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला. पुढचं सगळं त्याचं समर्थन समजा.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. शाफ्ट तपासायला आमच्याकडे स्नॅप गेज असतं. एका बाजूनं गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूनं जाता कामा नये. गेला तर पास, नाहीतर बाजूला. शंभर जॉब, म्हणजे नग, पंधरा मिनिटांत होतात. मायक्रोमीटरला वेळ लागतो, पण तो आकडा देतो. गेज वाईट नाही, पण त्याला ड्रॉइंग लागतं. कुठून पुढे चालणार नाही हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं, आणि ती हद्द बहुतेक जॉब ज्या मापाला पडतात तिथून लांब असते. सगळ्यात जास्त जॉब जिथे पडतात नेमकी तिथेच हद्द ठेवली तर काय होईल? हाताच्या उबेनंसुद्धा पास-नापास बदलेल. एमबीटीआयची रेघ तिथेच आहे, मधोमध. आणि माणसं जमतातही मधोमध. पूर्ण घुमी आणि पूर्ण बडबडी दोन्ही टोकांना थोडीच. युंगलासुद्धा निखळ अंतर्मुख माणूस असतो असं म्हणायचं नव्हतं.

हे भांडण जुनं आहे हे मला नंतर कळलं. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त असे चार रस हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत आले. दुसऱ्या शतकातल्या गेलननं त्यांना स्वभावांशी बांधलं. उत्साही, तापट, उदास आणि थंड हे चार खण पुढे दीड हजार वर्षं टिकले. १७९८ मध्ये इमॅन्युएल कांट ठासून सांगतो की स्वभाव चारच, त्यांची भेसळ होत नाही. शंभर वर्षांच्या आतच व्हिल्हेल्म वुंट, लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारा, म्हणतो की हे चार म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवल्यावर पडणारे चार कोपरे आहेत: भावना किती जोरकस आणि किती झटपट बदलणारी. मधे कुठेही उभं राहता येतं. विसाव्या शतकात हान्स आयझेंकनंही तेच चार स्वभाव बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता या दोन पट्ट्यांवर बसवून दाखवले. खण आधी, पट्टी नंतर. कारखान्यातही गेजवरच सगळं भागत नाही म्हटल्यावर मायक्रोमीटर निघतोच की.

आपल्याकडे मिश्रणाचं वावडं कधीच नव्हतं. पंचवटीतले वैद्य माझी नाडी बघून 'वात-पित्त' म्हणतात, जोडनाव लावतात. चरकसंहितेत मिश्र प्रकृतीही आहे आणि समप्रकृतीही. सत्त्व, रज, तम तर प्रत्येकात तिन्ही. प्रश्न फक्त कुणाचं पारडं जड एवढाच. रामदासांनी जिथे तप केलं ती टाकळी माझ्या रोजच्या रस्त्यापासून फार लांब नाही. दासबोधातली मूर्खलक्षणं वाचताना मी 'मूर्ख आहे की नाही' असं विचारत नाही, यातली किती लागू होतात ते मोजतो. (आकडा सांगणार नाही.)

बिग फाइव्हकडे वळलो ते मात्र या अभिमानापायी नव्हे, त्याच्या उगमामुळे. तिथे सुरुवात कुणा थोर माणसाच्या सिद्धान्तानं झाली नाही, डिक्शनरीनं झाली. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी कोशातून माणसाचं वेगळेपण सांगणारे जवळपास १८,००० शब्द वेचले. विचार सोपा होता: लोकांना शेजाऱ्याबद्दल जे बोलावंसं वाटतं त्याला भाषेत शब्द तयार झालेलाच असणार. रेमंड कॅटलनं ती यादी छाटली. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या टुप्स आणि क्रिस्टल या दोघांना वेगवेगळ्या गटांच्या आकड्यांत पुन्हा पुन्हा एकत्र येणाऱ्या गुणांचे पाचच गठ्ठे दिसले. 'बिग फाइव्ह' हे नाव पुढे लुइस गोल्डबर्गनं दिलं.

मला ही पद्धत आवडते, कारण आमच्या शॉपमध्येही हेच चालतं. उतावळा, चेंगट, चोखंदळ, भांडखोर, मोकळाढाकळा, आतल्या गाठीचा. माणूस रुजू होऊन आठवडा होत नाही तोच त्याला शब्द मिळतो आणि सहसा तो बरोबर असतो. फक्त एक शंका मनात राहते. मूळ कोश इंग्रजी. 'आतल्या गाठीचा' हा त्या पाचांपैकी कोणत्या पट्टीवर बसतो, हे मला अजून सुटलेलं नाही.

गोल्डबर्ग यांच्या प्रकल्पातले प्रश्न सगळ्यांसाठी खुले आहेत, पैसे लागत नाहीत. पन्नास वाक्यं, प्रत्येक गुणाला दहा. उत्तर एक (अजिबात लागू नाही) ते पाच (पुरेपूर लागू). म्हणजे प्रत्येक पट्टी १० ते ५०. मराठी आम्ही घरीच केलं, बायको शाळेत शिकवते म्हणून तिला जुंपलं. पहिल्याच वाक्याला अडलो. मुळात आहे की मी पार्टीची जान असतो. आमच्या मिलिंगवाल्या काकांनी आयुष्यात कधी पार्टी केली? मी लिहिलं, "लग्नकार्यात माझ्याभोवती घोळका असतो." बायको म्हणाली, घोळका नवरदेवाभोवती असतो. त्यावर अर्धी संध्याकाळ गेली. असं घरगुती भाषांतर शास्त्राला धरून नाही हे जाणून आहे, म्हणून माझ्या आकड्यांची इतर कुणाच्या आकड्यांशी तुलना मी करत नाही.

शिस्तीच्या पट्टीवर मला पहिल्या वेळी ३३ आले, दीड महिन्यानं ३१. मी अगदी मधलाच निघालो, आणि 'जे'-'पी' का पलटत होतं ते त्या क्षणी उमगलं. इथेही उत्तरं बदलली होती, पण आकडा दोन घरं सरकला, त्यापलीकडे काही झालं नाही. स्टोअरकीपरचा बहिर्मुखतेचा आकडा २६ आला. मध्य तिसाचा, थोडा अलीकडे, एवढंच. २६ आकड्यावर कुणाला विनोद करता आला नाही.

आता याचे तोटे, कारण ते आहेत. एक म्हणजे हे नीरस आहे. चहाच्या टपरीवर कुणी "माझं ३३" म्हणत नाही, 'मी आयएनटीजे' म्हणण्यातली ऐट त्यात नाही. ऑफिस मोकळं करायला, लोकांना एकमेकांशी बोलतं करायला सोळा खणांसारखं दुसरं काही नाही, हे मी आजही मान्य करीन. दुसरं जास्त अवघड. पाचवी पट्टी भावनिक अस्थिरतेची, आणि तिचा आकडा माणसाच्या हातात देणं सोपं नाही. एमबीटीआयमध्ये ही पट्टीच नाही. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एमबीटीआयच्या चारही जोड्या पाचांपैकी चौघांशी बऱ्यापैकी जुळतात. राहतो तो हाच गुण. म्हणून तिथे प्रत्येक खण गोड वाटतो. आम्ही त्या पट्टीला 'काळजीची पट्टी' म्हणतो आणि तिचा आकडा फक्त ज्याचा त्याला देतो, मी बघत नाही. एका ऑपरेटरनं आपणहून येऊन सांगितलं की त्याचा ४३ आला, रात्रपाळीत झोप लागत नाही, डोकं चालूच राहतं. त्याला दिवसपाळी दिली. हे चार अक्षरांतून कळलं असतं का? मला नाही वाटत, पण माझी चूकही असू शकते.

नोकरीवर घेताना मात्र दोन्ही नकोत. एमबीटीआय विकणारेच सांगतात की निवडीसाठी वापरू नका. आणि पन्नास वाक्यांचं म्हणाल, तर नोकरी हवी असलेला माणूस "मी कामं वेळेत करतो" यापुढे पाचच लिहिणार.

सिन्नरच्या दोस्ताला एवढंच कळवलं की एक दिवस मजेत घालवायचा असेल तर पहिली घे आणि स्टिकर संध्याकाळी गोळा करून टाक. वर्षभर उपयोग हवा असेल तर दुसरी. आणि ते दोन सुपरवायझर बोलत नाहीत, त्यासाठी आधी पाळी बदलतानाचं रजिस्टर एकदा उघडून बघ. त्यानं बघितलं. पहिल्या पाळीचा माणूस सहा महिने त्यात काहीच लिहीत नव्हता.

तरी चाचणीचे कागद त्याला हवेतच. पाठवायचे आहेत, पण पहिलं वाक्य अजून ठरलेलं नाही. बायकोचं म्हणणं, "हळदीत मी पहिला नाचायला उतरतो" असं करा. मला वाटतं, मग नाशिक जिल्ह्यात सगळेच पाच लिहितील.