गणपतीला अण्णा घरी होते

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका ओळखीच्या बाईंनी मला व्हॉट्सॲपवर एका वृद्धाश्रमाची जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, "सासूबाईंसाठी बघतोय. तुम्ही तिकडच्याच ना, काही ऐकलंय का या ठिकाणाबद्दल?" जाहिरातीत समुद्राकडच्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत एक आजोबा बसलेत. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, चेहऱ्यावर हसू. ते आमचे अण्णा. फोटो १५ मार्च २०२४चा, म्हणजे आम्ही त्यांना तिथे सोडलं त्या दुपारचा. सदऱ्याला इस्त्री मी केली होती.

त्या बाईंशी मी तासभर फोनवर बोलले. मग वाटलं, एकेकाला किती सांगत बसणार, लिहूनच काढावं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून, एवढं पुरे.

अण्णा प्राथमिक शाळेतले गुरुजी. घर राजापूर तालुक्यात. आई गेल्यावर एकटेच राहायचे, त्यात सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. दादा पुण्याला, मी डोंबिवलीला. "तुमच्या त्या खुराड्यात मी चार दिवस काढीन, पाचव्या दिवशी मला गाडीत बसवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाडीत दिवसभर थांबणारं माणूस मिळेना. दोनदा न्हाणीत पडले, तेव्हा दादाने शोधाशोध सुरू केली.

आता, वृद्धाश्रम म्हटलं की आमच्याकडे अजून लोक तोंड वाकडं करतात. भावकीला पत्ता लागू नये म्हणून आम्ही "अण्णा पुण्याला गेलेत" असं सांगितलं. माझ्या मते आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. लपवायचं म्हटल्यावर विचारणार कुणाला? त्या गावात एका माणसाशी आम्ही बोललो नाही. सगळं होऊन गेल्यावर स्टँडवरचा रिक्षावाला सहज बोलून गेला, "तिथली ॲम्ब्युलन्स? तिचे टायर बघितलात का कधी?" मी जाऊन बघितले. इमारतीच्या मागे गाडी उभी होती, चारही टायर जमिनीला टेकलेले आणि पुढच्या चाकातून कसलासा वेल वर बॉनेटपर्यंत चढलेला. जाहिरातीत तीच गाडी आहे, समोरून काढलेली, धुऊनपुसून.

आम्ही बघायला गेलो ते रविवारी सकाळी अकराला, आधी फोन करून. जांभ्या चिऱ्याची इमारत, वर नळ्याची कौलं, पुढे तुळशीवृंदावन. जेवायला उकड्या तांदळाचा भात, अळूचं फतफतं आणि सोलकढी. दादाने संडासातले धरायचे दांडे हलवून बघितले, मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघितले. व्यवस्थापक अण्णांना पहिल्या मिनिटापासून "गुरुजी" म्हणत होते, वाकून नमस्कार केला. चोवीस तास परिचारिका, रोज डॉक्टरांची फेरी, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, अचानक काही झालं तर ॲम्ब्युलन्स दारात. भिंतीवर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. त्या कागदावरून ट्रस्ट नोंदलेला आहे एवढंच कळतं, रात्री दोन वाजता खोलीत कोण येतं ते नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आम्ही इमारत बघितली, जेवण बघितलं, समुद्रही बघितला. तिथे राहणारी माणसं मात्र बघितली नाहीत. हॉलमध्ये वीस-बावीस म्हातारी माणसं भिंतीशी ओळीने बसली होती. सकाळचे अकरा वाजलेले आणि निम्मी पेंगत होती. मी दादाला म्हटलं, "किती शांत आहे नाही इथे!"

पैशाचं आधी सांगते. महिना बावीस हजार, औषधं आणि डायपर वेगळे. शिवाय सुरुवातीला अडीच लाख "डिपॉझिट", माणूस परत नेताना पूर्ण परत, असं तोंडी सांगितलं. दीड लाखाचा चेक दिला, एक लाख रोख मागितले तेही दिले. पावती हातात आली तेव्हा तिच्यावर छापलं होतं, "इमारत निधीसाठी स्वेच्छा देणगी". मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, हिशोबाच्या सोयीसाठी तसं लिहितो, तुम्हाला आयकरात ८०जीची सवलतपण मिळेल." बँकेत नोकरी करणारी मी, माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. दोन हजारांच्या वर रोखीने दिलेल्या देणगीला ती सवलत मिळतच नाही. पण अण्णा गाडीत बसून होते, सामान उतरलेलं होतं, आणि अशा वेळी माणूस पावतीवरून भांडत नाही. त्यांनाही ते ठाऊक असतं.

आता गोळ्यांचं. पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपाची गोळी घड्याळावर चालते. अण्णांच्या वेळा सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, आणि त्याही खाण्याच्या निदान अर्धा तास आधी. डाळ, उसळ, अंडं असलं काही पोटात गेलं की त्यातली प्रथिनं त्या गोळीच्या आड येतात. वेळ तासभर हुकली तर अण्णांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. हे सगळं मी मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून व्यवस्थापकांच्या हाती दिलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर नोटीसबोर्डावर लावलं. नोव्हेंबरमध्येही ते तिथेच होतं, कोरं करकरीत.

दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल यायचा. अण्णा आंघोळ करून, केस विंचरून बसलेले. मागून आवाज यायचा, "गुरुजी, हसा की." अण्णा हसायचे नाहीत. या आजारात चेहरा मुखवट्यासारखा होतो, हे आम्ही वाचलेलं होतं, म्हणून आम्ही ते आजाराच्या नावावर टाकलं. बोलणं कमी झालं, तेही आजाराच्या नावावर. जूनमध्ये अण्णांच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी हिरवा स्वेटर दिसला. दादा म्हणाला, पावसात कपडे वाळत नसतील. कोकणातल्या पावसाची सबब आम्हीच त्यांना पुरवली, त्यांना काही बोलावंसुद्धा लागलं नाही.

मग गणपती आले. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ६ तारखेला, शुक्रवारी आम्ही अण्णांना घरी आणलं. गाडीतून दोघांनी उचलून उतरवावं लागलं. मान एका बाजूला, तोंडातून लाळ. संस्थेने गोळ्यांची पिशवी सोबत दिली होती. वहिनीने मोबाईलवर चार गजर लावले आणि गोळ्या वेळेवर सुरू केल्या. १० तारखेला गौरी आल्या, त्या दिवशी अण्णा ओटीवर बसून आरतीला टाळ्या वाजवत होते. ११ला, गौरीपूजनाच्या रात्री बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या, तर अण्णा भिंत धरत धरत आपणहून माजघराच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "झोपू देणार आहात की नाही?" आम्ही सगळे हसलो. शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाप्पाची कृपा हो." आम्हालाही तसंच वाटलं. सणाचा आनंद, घरची हवा, आणखी काय!

माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप चार-पाच दिवसांत सुधारला आणि मी एकदाही विचारलं नाही की इथे असं काय मिळतंय जे तिथे मिळत नाही. १३ तारखेला आम्ही त्यांना परत नेऊन सोडलं.

१५ नोव्हेंबरला सकाळी फोन आला, "गुरुजींना थोडा ताप आहे, रत्नागिरीला हलवतोय." हलवलं ते भाड्याच्या ओम्नीतून. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला होता. मार्चमध्ये ५८ किलो असलेलं वजन हॉस्पिटलच्या काट्यावर ४९ भरलं. संस्थेच्या ऑक्टोबरच्या कागदावर ५७.५ होतं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, टाचा काळसर. कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. हे हॉस्पिटलातल्या नर्सने मला सांगितलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली.

संस्थेने सोबत दिलेली चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "हॅलोपेरिडॉल कुणी सुरू केलं?" मी म्हटलं, ते काय असतं? त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: लेव्होडोपा मेंदूत डोपामिन पोचवायला दिलं जातं आणि हॅलोपेरिडॉल तेच डोपामिन अडवतं. पार्किन्सन्सच्या माणसाला ते देऊ नये. रात्री ओरडणाऱ्या, उठून फिरणाऱ्या माणसांना गप्प करायला ते सर्रास वापरलं जातं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "रात्री एक". कुणी लिहून दिलं, कधीपासून, ते आजही आम्हाला कळलेलं नाही. गणपतीच्या पिशवीत ती गोळी नव्हती. अण्णा ओटीवर टाळ्या वाजवायला लागले, त्यामागे बहुधा हेही होतं.

चार दिवसांनी मी अण्णांचं सामान आणायला गेले. व्यवस्थापक रत्नागिरीला गेले होते. ऑफिसात एक नवीन मुलगी होती. तिला मी म्हटलं, हॉस्पिटलने रेकॉर्ड मागितलंय. खोटं होतं ते, पण बोलले. तिने सरळ रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं. मी सप्टेंबर उघडला. ७ तारीख, सकाळी रक्तदाब १२०/८०, संध्याकाळी १२०/८०. ८ तारीख, तेच. ९ला, खरं वाटावं म्हणून असेल, १२४/८०. गोळ्यांच्या चारही रकान्यांत बरोबरच्या खुणा. ११ तारखेपुढे निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: "रात्री शांत झोप. तक्रार नाही." त्या रात्री अण्णा आमच्या माजघराच्या दारात उभं राहून फुगड्यांवर वैतागत होते. मी पानांचे फोटो काढले. हात इतका कापत होता की पहिले दोन हललेच.

पुढचं मला तिथल्या एका मावशीने सांगितलं, मागच्या दाराशी, हळू आवाजात. "ताई, बावीस मानसां नि रातच्याला आमी दोगीच. कोनाकोनाला उटवायचा नि कोनाची कूस बदलायची?" परिचारिका कुणीच नव्हती. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येऊन सह्या करून जायचे. तीनची गोळी दुपारच्या जेवणात कालवून जायची, सातची द्यायला माणूसच नसायचं. फिजिओथेरपी म्हणजे हॉलमध्ये टेप लावून टाळ्या. त्या मावशीला महिन्याला काय मिळतं ते ऐकून मला तिच्यावर रागावताही येईना.

डिपॉझिट मागितलं तर उत्तर आलं, "डिपॉझिट कसलं? देणगी परत होत नसते." पावती त्यांच्याच बाजूने बोलत होती. वकिलांची नोटीस गेल्यावर चाळीस हजार "माणुसकीच्या नात्याने" देऊ केले, सोबत आमची काहीही तक्रार नसल्याचा कागद सही करायला. दादा तयार झाला होता. मी नाही झाले.

चिपळूणच्या बाईंना मी काय सांगितलं, तेही लिहिते. जायचं तर न सांगता, रात्री आठनंतर किंवा सणाच्या दिवशी. आत शिरल्यावर फरशी बघायची नाही, एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नखं बघायची, ओठ आणि जीभ कोरडी आहे का बघायची, पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल असा आहे का बघायचा. परवानगी घेऊन पायावरची चादर उचलून टाचा बघायच्या. काम करणाऱ्या बाईला विचारायचं, या आजींचं नाव काय, यांना काय आवडतं. ती अडखळली तर समजायचं. घड्याळावरची गोळी असणारं तिथे कुणी असेल तर नेमक्या त्या वेळेला जाऊन उभं राहायचं. आपलं माणूस ठेवलंच, तर दर भेटीत गोळ्या मोजायच्या आणि महिन्याला स्वतः वजन करायचं. वीज गेली की काय करता, हेही विचारायचं. जून-जुलैमध्ये आपल्याकडे ती जातेच. आणि स्टँडवरच्या रिक्षावाल्याला चहा पाजायचा. पैसे देताना पावतीवर "परत करण्यायोग्य अनामत" हे शब्द नसतील तर सामान गाडीतून उतरवायचंच नाही.

तक्रार करायची तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि ग्राहकांची १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, म्हणून मी ठाण्यात केली. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आमचे अडीच लाख आणि आठ महिन्यांचे एक लाख शहात्तर हजार, मिळून चार लाख सव्वीस हजार. तारखा पडताहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही अर्ज दिलाय. नवीन जाहिरातीतला अण्णांचा फोटो काढायला लावायचंही आता वकिलांच्या यादीत गेलंय.

अण्णा आता गावच्या घरी आहेत. वाडीतल्या दोघीजणी पाळीपाळीने थांबतात, भावकीला खरं सांगून टाकल्यावर आठ दिवसांत मिळाल्या. तीन वाजता माझ्या टेबलावरचाही गजर वाजतो, मी फोन करून "दिली का?" विचारते. जखम भरायला तीन महिने लागले. चालणं पूर्वीसारखं नाही आलं.

रजिस्टरचा फोटो मी त्यांना बरेच दिवस दाखवला नव्हता. परवा दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला, बोटाने मोठा करून पुन्हा पाहिला. म्हणाले, "शाई एक, कलम एक, रेघ कुठे थकलेली नाही. हे एका बैठकीतलं काम आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "तपासणीच्या आदल्या रात्री पोरांच्या हजेऱ्या आम्हीपण अशाच मांडलेल्या आहेत गं."