पुस्तकवेड्याने नोकरी कुठे धरावी: दुकानात की वाचनालयात?

‘दिवसभर पुस्तकांत बसायला मिळतं, मजा आहे!’ छोट्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला असलेल्याला हे हमखास ऐकावं लागतं. बसायला? पार्सलं फोडा, बिलाशी प्रती ताडून घ्या, न खपलेल्या परत बांधा. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची झुंबड, दिवाळीआधी अंकांचे गठ्ठे. वाचन होतं ते मलपृष्ठाचं. पण ‘निळं मुखपृष्ठ होतं, लेखिका कोकणातली’ एवढ्यावरून पुस्तक काढून दिलं की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो; ती नशा पगारात मोजता येत नाही. (पगार तसाही मोजण्याजोगा नसतो.)

वाचनालयात धावपळ कमी. दाखल नोंद, शिक्का, देवघेव, थकलेल्या वर्गणीची आठवण. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. म्हणजे खप नसला तरी चालतं, पण अनुदान रखडलं की पगारही रखडतो. वाचक मात्र पुस्तक परत करताना दोन शब्द बोलतो. दुकानात विकलेल्या पुस्तकाचं पुढे काय झालं, हे सहसा कळतच नाही.

वाचायचंच असेल तर वाचनालय. नवं पुस्तक गावात सर्वांत आधी हाताळायची हाव असेल, तर दुकान. आणि माझं मत तिकडेच झुकतं. फक्त कर्मचारी सवलतीत अर्धा पगार तिथेच जाणार, हे घरी आधीच सांगून ठेवा.